दगडामावशीच्या हातची आंघोळ

आमच्या कोलशेत गावात बाळ जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला दगडाबाई येणार, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी तिला बोलावणं पाठवत नसे. तिला आपोआप कळायचं. बाळंतीण घरी आली की दुसऱ्या सकाळी ही दारात उभी, काखेत तेलाची बाटली आणि तोंडात पहिलाच प्रश्न, "चूल पेटवलीस का?"

ठेंगणी, रुंद हाडाची बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तळहात मात्र तिच्या उंचीला न शोभणारे, हे एवढे मोठे. तरुणपणी ती मिठागरात मीठ ओढायची, तेव्हा हातांची सालटी निघायची म्हणे. पुढे चाळीस वर्षं खोबरेल तेल चोळून चोळून तेच हात असे मऊ झाले की त्यांच्यात गेलेलं मूल रडायचं विसरे. तिच्या आधीची चार भावंडं वर्ष पुरं व्हायच्या आत गेली होती. पाचवी ही जन्मली तेव्हा तिच्या आईने नावच दगड ठेवलं, म्हणजे यमाने हात लावू नये. नाव ठेवण्याचा उपयोग झाला असावा, कारण मी तिला कधी साधं शिंकतानाही पाहिलं नाही.

गावातला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस तिने पायांवर घेऊन धुतलेला. शहाऐंशी साली महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा एक उमेदवार तिच्या दारात हात जोडून उभा राहिला. ही म्हणाली, "तुझा ढुंगण मी थापटलाय रं. मना काय हात जोडतंस!" तो निवडून आला, पण पाच वर्षं तिच्या गल्लीतून मान खाली घालूनच जायचा.

तिचे दोन नियम होते आणि ते गावात कायद्यासारखे चालायचे. आंघोळीआधी बाळाला पाजायचं नाही, कारण पोटात दूध असलं की तेल मुरत नाही आणि मूल ओकतं. आणि आंघोळीनंतर झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही, काहीही झालं तरी. या दोन नियमांवर तिची सारी कीर्ती उभी होती. दगडाबाईच्या हातची आंघोळ झालेलं पोर तीन तास हूं की चूं करत नाही, असं बाया एकमेकींना सांगत. तीही सांगे. चार तास, कधी पाच. ऐकणारी नवखी असली तर सहाही.

मी तिला दगडामावशी म्हणायचे. माझीही आंघोळ तिनेच घातलेली, त्यामुळे माझं बी.एस्सी. होणं तिच्या लेखी फारसं महत्त्वाचं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात मी पहिल्या बाळंतपणासाठी डोंबिवलीहून माहेरी आले. वय बावीस, डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञानाची बाई म्हणून नुकतीच लागलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री. दौलत जन्मला तो वजनाने चांगला, केसांनी भरलेला. नवरा, सुधीर, रविवारी येऊन त्याच्याकडे तासभर बघत बसायचा आणि परत जाताना चपला विसरायचा.

दौलत पिवळा होता. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं की बऱ्याच बाळांना कावीळ होते, कोवळ्या उन्हात ठेवा. आम्ही ठेवलं. दोन आठवडे झाले, चार झाले, पिवळेपणा काही पुरता जाईना. पण मूल एवढं शांत होतं की काळजी करायला कुणाला सुचलंच नाही. रडणं नाही, हट्ट नाही. पिता पिता झोपून जायचं. शेजारणी बघायला येत आणि म्हणत, "शकू, नशीबवान हायस गं, किती शाना पोऱ्या." मी खुश. आई, चंद्रभागा, तर तीट लावून लावून दमली. आणि सर्वांत खुश दगडामावशी, कारण दौलत तिच्या हातची आंघोळ झाली की दूधसुद्धा न पिता झोपायचा, तो दुपारी तीनपर्यंत. गावात असं झोपणारं पोर पहिलंच. तिने ही गोष्ट शेजारच्या माजिवड्यापर्यंत पोचवली.

सहाव्या आठवड्यात मावशी गप्प झाली. एरवी आंघोळ घालताना तिचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. आता ती दौलतच्या पावलांना तेल लावायची आणि मध्येच थांबायची. पुन्हा पावलं हातात धरायची, दाबायची, सोडायची.

"काय गं मावशी?" मी विचारलं.

"पाय गरम होत नाय याचे."

"थंडी आहे."

"थंडी माज्या हातांला बी हाय," ती म्हणाली. "चोलला का सगल्या पोरांचा पाय गरम होतो. याचा होत नाय."

मग तिने लुगड्याचा लाल काठ दौलतच्या तोंडासमोर धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे नेला. दीड महिन्याचं मूल लाल रंगाकडे बघतं, ही तिची परीक्षा. दौलतने बघितलं नाही. त्याचे डोळे आपले आपण इकडून तिकडे सरकत होते, नांगर नसलेल्या होडीसारखे. तिने बांगड्या वाजवल्या, तेव्हा मात्र त्याने लगेच मान वळवली.

त्या दिवशी ती जाताना ओटीवर आईशी हळू आवाजात बोलत होती. मी दाराआड होते. "चंद्रभागे, रागावू नको. पोऱ्याची लघवीची जागा बी लय बारीक हाय. येवढी पोरां धुतली, अशी नाय बगली."

झालं. माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले आणि नको नको ते बोलले. माझ्या मुलात खोडी काढायला येतेस का, अडाणी ती अडाणीच राहणार, उद्यापासून यायचं नाही. आई मला आवरत होती. मावशीने सगळं ऐकून घेतलं, तेलाची बाटली काखेत मारली आणि गेली. मला वाटलं, बरं झालं. खरं सांगायचं तर त्याचे डोळे मीही पाहिले होते. रोज पाहत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की लहान आहे, ठरेल नजर. म्हणूनच मी इतकी चिडले.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी पाट मांडून दिला. तिसऱ्या दिवशीही आली. शुक्रवारी मात्र जवळच्या बाळकुमला एक बाळंतीण अडली म्हणून ती तिकडे गेली आणि आमच्याकडे यायला बारा वाजले. दौलतने सकाळी सातला दूध घेतलं होतं. त्यानंतर नियमाप्रमाणे काही नाही.

ती पाटावर बसली, पाय लांब केले, दौलतला पोटऱ्यांवर पालथा घेतला. पाठीवर तेल लावलं. मग उताणा केला आणि थबकली. जानेवारीच्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. एक हात बारीक थरथरत होता. बघता बघता डोळे वर गेले आणि तो तिच्या पायांवर ओल्या फडक्यासारखा सैल पडला.

आई ओरडली, "दृष्ट लागली!" आणि मीठ-मिरच्या आणायला धावली. मी? मी विज्ञानाची बाई भिंतीला पाठ लावून उभी होते.

"मीठ-मिरच्या ठेव तिकरं," मावशी गरजली. "साखर आन. पानी आन."

मिठागरात उपाशी राबणारी बाई उन्हात कोसळली की तिच्या तोंडात गूळपाणी घालायचे, हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं. तिने साखरेच्या पाण्यात करंगळी बुडवली आणि दौलतच्या गालाच्या आतून फिरवली. पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली. घशात ओतलं नाही, थेंबथेंब चोळत राहिली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याचे ओठ हलले. त्याने तिची करंगळी चोखली.

"घे पदराखाली," ती मला म्हणाली. "आंगोल राहू दे."

तो प्यायला. मी त्याच्या टाळूवर गाल टेकवून बसले होते. मावशी तशीच पाटावर, पाय लांब केलेले, तेल पाठीवरून पोटऱ्यांवर ओघळलेलं. ती बोटं मोडत काहीतरी जुळवत होती.

"सोमवारी मी लवकर आली," ती म्हणाली, "तवा यो बरा होता. मंगलवारी बी बरा. बुधवारी उशीर झाला, तवा हात कापत होता, मना वाटला थंडी. आज बारा वाजले." तिने चौथं बोट मिटलं. "शकू, ज्या दिशी मना उशीर, त्या दिशी यो असा. यो झोपत नव्हता गं. यो उपाशी पडून बेसुद व्हायचा. अन् मी गावभर सांगत फिरली, माज्या हातची झोप हाय म्हणून."

एवढं बोलून ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "रिक्षा बोलव. मी बी येते."

शहरात टेंभी नाक्याजवळ डॉक्टर केळशीकरांचा लहान मुलांचा दवाखाना होता. साठीचे, हळू बोलणारे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे गृहस्थ. ते एकेक प्रश्न विचारत होते आणि मी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते. झोप? चांगली. रडतं का? फारसं नाही. लघवी-शी? व्यवस्थित. तोंडाने व्यवस्थित म्हणत होते, पण जे सांगायला हवं ते काही ओठांवर येईना. ते सांगितलं की खरं होईल, अशी काहीतरी भीती असावी.

दाराजवळच्या बाकावरून मावशी उठली. "डाक्टर, यी शिकलेली हाय, हिला काय ठाव नाय. मना विचारा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोला मावशी."

तिने सगळं सांगितलं. दीड महिना झाला तरी पिवळा. चोळून पाय गरम होत नाहीत. डोळे ठरत नाहीत, लाल रंग बघत नाही, आवाज मात्र ऐकतो. लघवीची जागा बारीक. उपाशी राहिला की घाम येतो, कापतो, आणि सैल पडतो. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "उपाशी मी ठेवलाय त्याला. माजा नियम हाय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दौलतच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून त्यांनी रक्तातली साखर मोजायच्या पट्टीवर घेतला, मिनिटभर थांबले, पुसला आणि पट्टी बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहिली. मघाशी पाजलेलं असूनही पट्टीचा रंग जेमतेम बदलला होता, म्हणजे साखर फारच कमी. पुढच्या पाच मिनिटांत दौलतच्या हाताला सुई होती आणि ग्लुकोज चालू होतं. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना खाली बोलावलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, खोलीत अंधार केला आणि बारीक उजेडाने बराच वेळ आत पाहिलं. दोघे डॉक्टर एकमेकांशी हलक्या आवाजात बोलले.

केळशीकरांनी मला समजावलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "डोळ्यापासून मेंदूकडे जी नस जाते, ती याची पुरेशी वाढलेलीच नाही. दोन्हीकडे बारीक आहे. ज्या भागात ती नस घडते, त्याच्या अगदी शेजारी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना तिचा हुकूम लागतो. नस अपुरी असली की पुष्कळदा ही ग्रंथीही अपुरं काम करते. मग उपाशीपोटी साखर टिकत नाही, कावीळ रेंगाळते, अंग गार राहतं, आणि मुलगा असेल तर मावशींनी सांगितलं तेही दिसतं. एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर कुणालाही किरकोळ वाटेल. यांनी सगळ्या एकत्र सांगितल्या."

"वाचेल ना?" मी विचारलं.

"वाचेल. ग्रंथींचे जे रस शरीरात बनत नाहीत, ते गोळ्यांनी देता येतात. पण आज आणलंत म्हणून. असंच चाललं असतं तर एखाद्या दुपारी हा झोपेतून उठला नसता."

मावशी पुन्हा बाकावर बसली होती. तिचे ते मोठे हात पदराखाली होते.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आम्ही बारा दिवस काढले. रक्ताच्या तपासण्यांनी केळशीकर म्हणाले तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, आधी एक आणि ती अंगी लागल्यावर चार दिवसांनी दुसरी. हा क्रम चुकवायचा नाही, आणि पुढे कधी ताप आला की पहिली गोळी दुप्पट करून ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे तिथल्या डॉक्टरांनी सुधीरकडून तीनदा म्हणवून घेतलं. नजरेबद्दल विचारलं तर म्हणाले की नस काही वाढणार नाही, किती दिसेल ते तोच सांगेल मोठा झाला की. मला त्याचं दुःख झालं, खूप झालं. पण तिसऱ्या दिवशी दौलत दुधासाठी गळा काढून रडला. दीड महिन्यात पहिल्यांदा असा खणखणीत रडला. वॉर्डातल्या बाया त्रासल्या, आणि सुधीर आणि मी एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो.

घरी परतलो तर मावशी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आईने सांगितलं, ती कुणाकडेच जात नाही. बाळकुमची बाळंतीण स्वतःच बाळाला न्हाऊ घालतेय. "हात लावायची नाय बोलते. बोलते, माजा हात वाईट."

मी दौलतला घेऊन तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून वाळवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत होती. मला बघून तिने हात पदराखाली घेतले.

"मावशी, त्याला घे."

"नको गं पोरी."

मला पुन्हा राग आला. माझा राग नेहमी असा वेळीअवेळी येतो, पण त्या दिवशी तो उपयोगी पडला. "मी त्याची आई आहे. रात्रंदिवस मी त्याच्याजवळ होते. मला जे दिसलं नाही ते तुझ्या हाताला कळलं, आणि तू सांगितलंस तर मी तुला अडाणी म्हटलं. तुझा नियम चुकला असेल, हात नाही चुकला. चिडायचं तर माझ्यावर चीड. त्याच्यावर कशाला?"

असं म्हणून मी दौलतला सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. सोड्यांचं सूप बाजूला कलंडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे डोळे इकडून तिकडे सरकत होते.

"पाजलास?" तिने विचारलं.

"पाजला."

"कवा?"

"आत्ता. निघताना."

तेव्हा कुठे तिचे हात पदराबाहेर आले. तिने त्याची पावलं धरली. बराच वेळ धरून ठेवली आणि मग ती रडायला लागली, नाक-डोळे पदराने पुसत, मोठ्याने. "गरम हायत गं," ती म्हणाली. मीही रडले. सोडे मांजराने नेले, त्याचं तिला नंतर वाईट वाटलं.

त्यानंतर कोलशेतात कायदा बदलला. दगडाबाई दारात आली की पहिला प्रश्न चुलीचा नसे. "पाजलास?" असा असे. पाजलं नसेल तर ती पाटावर बसायचीच नाही. म्हाताऱ्या बाया कुरकुरल्या की चाळीस वर्षं एक सांगितलंस आणि आता दुसरं, पोर ओकेल. ती म्हणायची, "ओकू दे. ओकलेला पुसता येतो." फार वेळ झोपणारं बाळ आता तिला आवडेनासं झालं. ती टिचकी मारून उठवायची, आणि तिच्या कीर्तीचं काय झालं याची तिला पर्वा उरली नाही.

सवय मात्र तिला एक जडली. प्रत्येक बाळासमोर लाल काठ फिरवायचा, पावलं दाबून बघायची, डोळ्यांतला पिवळेपणा महिन्याने पुन्हा तपासायचा. जरा शंका आली की टेंभी नाक्याला पाठवायची. केळशीकर हसायचे, "मावशींनी पाठवलंय ना?" बहुतेक मुलं ठणठणीत निघायची आणि त्यांच्या आज्या मावशीला शिव्या द्यायच्या. पण ब्याण्णव साली माजिवड्याची एक मुलगी महिन्याची असताना तिने पाठवली, आणि त्या मुलीला जन्मतःच थायरॉइड कमी असल्याचं निघालं. गोळ्या वेळेत सुरू झाल्या. ती पोर आज शाळेत पळत जाते. मी मावशीला म्हटलं, तुला आता डॉक्टरांनी पगार द्यायला हवा. ती म्हणाली, पगार नको, त्यांना सांग दाराजवळच्या बाकाचा पाय मोडलाय तो नीट करा.

दौलत डोंबिवलीत मोठा झाला. वर्गात सर्वांत बुटका. उजव्या डोळ्याला एका कोपऱ्यातून थोडं दिसतं, तेवढ्यावर तो पुस्तक नाकाला लावून वाचतो आणि खिडकीतून शेजारच्या गॅलरीत चिंचोके फेकतो. गोळ्यांच्या वेळा तो माझ्याआधी सांगतो. पाच वर्षांचा असताना एकदा ताप चढला तेव्हा मी घाबरून डबी शोधत होते, आणि हा अंथरुणातून म्हणाला, "आई, आज दोन." मे महिना लागला की आम्ही कोलशेतला जातो. आपली दगडाआजी पायवाटेवर आली की तो कुणी सांगायच्या आधी ओळखतो. म्हणतो, तेलाचा वास येतो.

गेल्या मे महिन्यात, म्हणजे सत्त्याण्णवात, गेलो तेव्हा मावशीचे गुडघे सुजले होते. पायांवर मूल घेणं बंद झालं होतं, त्यामुळे ती उदास होती. दौलत तिच्या ओट्यावर जाऊन तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मी चोळतो." तिने बाटली पुढे केली. त्याने हातावर तेल घेतलं आणि थांबला.

"दगडाआजी, खाल्लंस का?"

"भाकर खाल्ली."

"कधी?"

"आत्ताच, पोऱ्या. चोल आता."

त्याने तिच्या पावलांपासून सुरुवात केली, ती करायची तशीच, टाचेकडून बोटांकडे. ती भिंतीला टेकून बसली होती, मग आडवी झाली, मग घोरायला लागली. मी आणि आई भाजी निवडत गप्पा मारत होतो. तीन वाजले, चार वाजायला आले. घोरणं थांबलं होतं. ती हलत नव्हती. मी हातातली भाजी खाली ठेवली.

"दौलत, उठव बघू आजीला."

त्याने दोन्ही तळहात तिच्या पावलांवर ठेवले. डोळे मिटून थोडा वेळ तसाच बसला. मग हात पुढे करून चाचपत तिचं कपाळ पाहिलं आणि पुन्हा पावलांकडे आला.

"गरम आहेत, आई," तो म्हणाला. "ही खरी झोप आहे. झोपू दे तिला."